अंगणातील वृक्ष आणि कायदा

घर आपले, अंगण आपले. परंतु अंगणातील वृक्ष केवळ आपला नव्हे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 अन्वये अहिल्यानगर शहरात स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासही महानगरपालिकेची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. झाड जाळणे वा त्यास इजा पोहोचविणे, हीदेखील कायद्याच्या दृष्टीने वृक्षतोडच होय. 2021 च्या सुधारणेनुसार 50 वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडास 'वारसा वृक्ष' मानले जाते.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या अवर्षणप्रवण भागात झाड वाढविण्यास वर्षे लागतात. तोडण्यास घटकाभर पुरते. म्हणून घराचा आराखडा आखतानाच झाडास जागा राखावी. झाड वाळलेले अथवा जीवितास धोकादायक असल्यास प्रथम रीतसर अर्ज करावा, कुऱ्हाड नंतर उचलावी.