‘येतेस’ने केलेली गोची

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. गलोंड्याच्या आमच्या घरी रविवारची मिस्सा आटोपून सगळे परतले होते. आई भाकऱ्या थापत होती, आजी लसूण सोलत होती आणि भाऊ ओट्यावर बसून फोनवर बोलत होता. कोणाशी, तर म्हणे कॉलेजच्या मित्राशी. दोन मिनिटांनी त्याच्या तोंडून निघून गेलं, “बरं, मग कधी येतेस?”

आईने मागे वळूनही न बघता विचारलं, “मित्र कधीपासून ‘येतेस’ झाला?”

त्यानंतर आठवडाभर घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. मुलगी आपल्या चर्चची नाही, एवढं आईला त्या एका क्रियापदावरून कळलं नव्हतं. ते पुढच्या चौकशीत कळलं. पण दार उघडलं ते क्रियापदानेच. भाऊ इंग्रजीत बोलत असता तर सुटला असता. इंग्रजीत ‘कमिंग’ पुरुषाचं नसतं आणि बाईचंही नसतं.

प्रहसनावर लेख लिहायचा म्हणून मी टिपणं काढत होते, त्यात हा प्रसंग सारखा आडवा येत राहिला. इंग्रजी सिटकॉमचा अर्धा डोलारा अशाच मोघम शब्दांवर उभा असतो. ‘अ फ्रेंड’, ‘समवन’, ‘माय कझिन’ म्हणायचं आणि पुढचे वीस मिनिटं गैरसमज वाढू द्यायचा. मराठीत ‘कझिन’ म्हणायची सोयच नाही. मामेभाऊ की मावसबहीण, हे पहिल्याच वाक्यात सांगावं लागतं. गुपित आणि चोरटं प्रेम यांवर विनोद रचणाऱ्या मराठी लेखकाला म्हणून वेगळीच मेहनत पडते.

आचार्य अत्र्यांचं ‘मोरूची मावशी’ (1947) या दृष्टीने वाचून बघा. मूळ नाटक ब्रँडन थॉमसचं ‘चार्लीज आंट’. ते 1892 मध्ये रंगमंचावर आलं आणि लंडनमध्ये त्याचे 1466 प्रयोग सलग झाले. ऑक्सफर्डच्या दोन विद्यार्थ्यांना मुलींना जेवायला बोलवायचंय, पण घरातली कोणी मोठी बाई सोबत असल्याशिवाय मुली येणार नाहीत. चार्लीची ब्राझीलहून येणारी श्रीमंत विधवा आंट वेळेवर पोचत नाही. मग एका मित्रालाच झगा चढवून आंट केलं जातं आणि मुलीचा पालक त्या आंटच्याच प्रेमात पडतो. पुढे खरी आंट येते ती दुसऱ्याच नावाने, आणि आपलं सोंग शांतपणे बघत बसते. मला अख्ख्या नाटकात तीच सगळ्यात आवडते.

आता ‘आंट’ला मराठीत काय म्हणायचं? आत्या, काकू, मामी, मावशी, सगळ्या रांगेत उभ्या. अत्र्यांनी मावशी निवडली, आणि माझ्या मते नाटक तिथेच अर्धं जिंकलं. आत्या म्हटली की बापाचं घराणं आलं, मानपान आला. मावशीबद्दल आपल्याकडे ‘माय मरो, मावशी जगो’ म्हणतात. तिच्यावर कोणी संशय घेत नाही, तिच्या गळ्यात पडायला परवानगी लागत नाही. सोंगाला याहून सोयीचं नातं कुठलं?

पण या सोंगाला मराठीत पदोपदी धोका आहे. ‘आलो’ की ‘आले’, ‘जातो’ की ‘जाते’: पदर सांभाळायचा आणि वाक्याचा शेवटही. 1985 मध्ये ‘सुयोग’ने हे नाटक पुन्हा आणलं आणि विजय चव्हाणांची मावशी घराघरांत पोचली.

‘अशी ही बनवाबनवी’त (1988) भाड्याच्या घरासाठी दोन मित्र बायका होतात. तिथे पार्वतीची ओळख करून देताना शंतनू ‘ही’च्या जागी ‘हा’ म्हणून जातो. आज मीम झालेली ती चूक निव्वळ व्याकरणाची आहे, आणि तिचं इंग्रजी भाषांतर करून दाखवा बरं!

एक शंका मात्र मला सोडत नाही. बालगंधर्व स्त्रीभूमिका करायचे तेव्हा प्रेक्षक हसत नव्हते, बायका त्यांच्या साड्यांची नक्कल करायच्या. 1933 च्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या. हळूहळू मराठी रंगमंचावर हीच रीत झाली, आणि त्यानंतर साडीतला पुरुष बघितला की हसू येऊ लागलं. मग आपण नेमकं कोणाला हसतो? फजीत झालेल्या पुरुषाला, की ‘बाई’ होण्यालाच? विजय चव्हाणांची मावशी बघताना मी पोट धरून हसते, आणि मध्येच थोडी अवघडतेही.

शेवटी व्याकरणातली एक पळवाट, मंडळाच्या सभासदांसाठी. मराठीत काही रूपं लिंग लपवतात. भविष्यकाळ घ्या: ‘मी येईन’, ‘तू येशील’. सकर्मक भूतकाळ: ‘मी सिनेमा बघितला’. ‘मला आवडतं’ हेही बिनधोक. (कोल्हापूरकडच्या मुली ‘मी येतो’ म्हणतातच, त्यांचा मार्ग वेगळा.) एखाद्या पात्राचा फोन पानभर लिहा, पलीकडे मुलगा आहे की मुलगी ते कळू द्यायचं नाही. मला आठ ओळींपुढे जमलं नाही.

भावाला मी हे सगळं समजावत होते, “‘येतेस’ कशाला म्हणालास, ‘येशील’ म्हणायचं,” तेव्हा आजी लसूण खाली ठेवून हसायला लागली. आईला लग्नाआधी एका ‘मैत्रिणी’ची पत्रं यायची म्हणे. अक्षर ठसठशीत, मजकूर साधा, पाऊसपाण्याचा. आजीने कधी शंका घेतली नाही. एका पत्राच्या शेवटी मात्र सहीच्या वर लिहिलेलं होतं, ‘तुझाच’.

आम्ही सगळे बाबांकडे बघायला लागलो. आईने भाकरी उलटली आणि भावाला म्हणाली, “ये म्हणावं तिला रविवारी. जेवायलाच.”