पथ्य, व्रत आणि आवड : किराण्याच्या यादीवरून होणारा वाद



अनुवादाची सेवा करताना ‘डाएट’ हा एक शब्द मला नेहमी अडवतो. इंग्रजीत तो एकच आहे. मराठीत लिहिताना मात्र थांबून विचारावे लागते. डॉक्टरांनी सांगितले म्हणून खात नाही? मग ते पथ्य. स्वतः संकल्प करून सोडले आहे? मग ते व्रत किंवा नियम. रुचत नाही, सवय नाही किंवा भीती वाटते म्हणून टाळतो? मग ती आवडनिवड. आपल्या भाषेने हे तीन प्रकार वेगळे ठेवले आहेत. घरात मात्र आपण ते एकाच पिशवीत भरतो, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किराण्याची यादी करताना पती-पत्नीत वाद होतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे आणि अविवाहित आहे. संसाराचा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण जमाखर्च कसा मांडावा हे थोडे शिकलो आहे. त्या दृष्टीने हा पाठ आपण मिळून अभ्यासू या.

वाद कुठे सुरू होतो?

समजा, एक कुटुंब आहे. पती, पत्नी, सात वर्षांचा मुलगा आणि मधुमेह असलेली आई. किराण्यासाठी महिना ९,००० रुपये ठरलेले. पती सत्संगाला येऊ लागले आणि त्यांनी कांदा-लसूण सोडला. पुढे साखर, मैदा आणि रिफाइंड तेलही सोडले. यादीत देशी गाईचे तूप, घाण्याचे तेल, सेंद्रिय डाळी आणि सुकामेवा आला. बिल १२,२०० रुपयांवर गेले.

पत्नी म्हणते, “अहो, एका घरात दोन स्वयंपाक किती दिवस करू? आणि हे वरचे पैसे आणायचे कुठून?”

पती म्हणतात, “मी काय व्यसनावर उडवतोय का? चांगल्या अन्नालाच तर खर्च करतोय.”

दोघांचेही म्हणणे खोटे नाही. म्हणूनच हा वाद मिटत नाही. काही घरांत पात्रे उलटी असतात. पत्नीचे उपवास वाढत जातात आणि पती गप्प बसून बाहेर जेवून येतो. किंवा एकाला वजनाची धास्ती असते आणि दुसऱ्याला तो अन्नाचा अपमान वाटतो. रूप बदलते, गाठ तीच राहते.

हिशेबाची दुसरी बाजू

वरच्या उदाहरणात खर्च ३,२०० रुपयांनी वाढला. हा आकडा बिलावर दिसतो. पण प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. ३,२०० रुपये आले कुठून? बहुधा मुलाच्या फळांतून, आईच्या भाजीतून किंवा बचतीतून. ती बाजू कोणी लिहीत नाही.

शिवाय एक खर्च रुपयांत मोजलाच जात नाही. वेगळी भाजी, वेगळी फोडणी आणि वेगळी भांडी यांना रोजची ४० मिनिटे लागली, तर महिन्याचे २० तास होतात. नियम पतींचा, पण २० तास पत्नीचे. संकल्प एकाने सोडला आणि त्याचे पाणी दुसऱ्याने भरले, तर पुण्य कोणाच्या खात्यावर लिहायचे?

शास्त्र काय सांगते?

आपण ‘सात्त्विक’ हा शब्द सहज वापरतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराचे वर्णन येते, तेव्हा भगवंत जिनसांची यादी देत नाहीत, किंमतही सांगत नाहीत. अन्नाने काय वाढते ते सांगतात : आयुष्य, मनाची शुद्धी, बळ, आरोग्य, सुख आणि प्रीती. यातला शेवटचा शब्द पुन्हा वाचू या. ज्या जेवणाने घरातली प्रीती रोज कमी होते, ते ताटात कितीही शुद्ध असले तरी या कसोटीला पुरे उतरत नाही.

त्याच अध्यायात आधी एक कडक इशारा आहे. शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून, दंभाने आणि अहंकाराने शरीराला कृश करणाऱ्यांची वृत्ती भगवंत आसुरी म्हणतात. सहाव्या अध्यायात तर सरळ सांगितले आहे की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही.

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाविषयी काही व्रते आहेत : अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न वाढवावे आणि वस्तीला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये. या व्रतांत ‘मी काय खाणार नाही’ हा विषयच नाही. दुसऱ्याच्या ताटाला नावे ठेवणे मात्र पहिल्याच व्रताने बंद केले आहे. “तुझा तो कांदा!” असे म्हणणाऱ्याने कांदा सोडला असेल, पण हे व्रत मोडले.

ओरत्तनाडुचे छत्र

वेगवेगळ्या नियमांच्या माणसांना एका खर्चात, एका छपराखाली जेवू घालता येते का? मराठी माणसांनी हे फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवले आहे, तेही महाराष्ट्रापासून दूर, तमिळ मुलखात.

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेला निघाले की ओरत्तनाडु हे गाव लागते. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांनी १८०२ मध्ये येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. छत्र म्हणजे आपल्या ‘अन्नछत्र’ शब्दातलेच छत्र : वाटसरूंना अन्न आणि निवारा देणारी धर्मशाळा. रामेश्वरच्या यात्रेला जाणाऱ्यांसाठी तंजावरच्या मराठा राजघराण्याने अशी अनेक छत्रे या भागात चालवली होती.

त्या काळात राजांची स्थिती काय होती, हे आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजीराजांकडे तंजावरचा किल्ला, वर्षाचे एक लाख पॅगोडे आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. आजच्या भाषेत सांगायचे तर राजे ठरावीक उत्पन्नावर आले. तरीही १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांचे दान चालू राहावे अशी विनंती केली. छत्रांत अन्न कसे वाटले जाते, हेही त्या पत्रात तपशिलाने सांगितले आहे. साधकाने ती व्यवस्था लक्षपूर्वक पाहावी.

ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत आणि जोगी, जंगम, बैराग्यांपासून साध्या यात्रेकरूपर्यंत सर्वांसाठी शिजवलेला भात असे. हे समाईक अन्न. ज्यांना दुसऱ्याच्या हातचे शिजवलेले चालत नसे, त्यांना कोरडा शिधा मिळे. तो त्यांनी स्वतः शिजवून घ्यायचा. आजाऱ्यांना बरे होईपर्यंत औषध आणि त्यांना मानवेल असा आहार दिला जाई. तान्ह्या मुलांना दूध मिळे आणि गरोदर स्त्रियांची काळजी घेतली जाई. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून, कोणी जेवायचे राहिले असल्यास यावे, अशी हाक दिली जाई.

आता आपले तीन शब्द आठवा. पथ्य असणाऱ्याला छत्राने स्वतः शिजवून, सांभाळून खाऊ घातले. नियम असणाऱ्याचा नियम छत्राने मोडला नाही, त्याची थट्टा केली नाही. पण त्याच्यासाठी दुसरी चूलही मांडली नाही. शिधा दिला आणि सांगितले, ‘तुमचे तुम्ही शिजवा.’ आणि सगळ्यांसाठी भाताचे एक पातेले कायम ठेवले. शिध्याची ही रीत त्या काळच्या सोवळ्याओवळ्यातून आणि जातिभेदातून आली होती, हे लपवण्याचे कारण नाही. तो भेद आपल्याला घ्यायचा नाही. घ्यायची आहे ती त्यातली न्यायाची वाटणी : नियमाला मान द्यायचा, पण नियमाचे कष्ट नियम घेणाऱ्याने उचलायचे.

घरी कसे आचरावे?

१. यादीचे तीन भाग करा. पती-पत्नींनी मिळून कागदावर तीन रकाने आखावेत : समाईक, पथ्य आणि नियम-आवड. एकेक जिन्नस त्यात लिहावा. कोणता जिन्नस कोणत्या रकान्यात जातो, यावरच अर्धा वाद बाहेर येतो आणि बराचसा मिटतो. आईची बिनसाखरेची व्यवस्था पथ्यात जाते. सेंद्रिय डाळ बहुतेक वेळा नियम-आवडीत जाते.

२. पथ्याचे पैसे आधी काढा. पथ्य हा घराचा खर्च आहे, कोणा एकाचा नाही. त्यावर ‘तुझ्या आजारामुळे’ असे कोणीही म्हणू नये.

३. नियम-आवडीला दोघांनाही सारखी रक्कम द्या. ९,००० पैकी प्रत्येकी ६०० रुपये ठरवले, तर दोघांचे मिळून १,२०० होतात आणि पथ्य व समाईक अन्नासाठी ७,८०० राहतात. पतींनी आपल्या ६०० मध्ये तूप आणावे. पत्नीने आपल्या ६०० मध्ये चहासोबतची खारी आणली, तर तिला हिशेब विचारू नये. तूप थोडे कमी येईल. तेही व्रतच आहे.

४. नियम ज्याचा, हात त्याचा. कांदा न घालता भाजी हवी असेल, तर फोडणीपूर्वी आपला वाटा बाजूला काढून शिजवायला स्वतः उभे राहावे. स्वयंपाक येत नसेल तर शिकावा. सेवेचा आरंभ घरच्या ओट्यापासून करायला हरकत नाही.

५. एक पदार्थ दोघांचा ठेवा. रोजच्या जेवणात वरण, भात, भाकरी, काकडीची कोशिंबीर असे काहीतरी दोघांनाही चालणारे असावे आणि ते एकत्र बसून खावे. छत्रातले समाईक पातेले ते हेच.

६. मुलांवर नियम लादू नका. वाढत्या वयाच्या मुलाचा आहार आई-वडिलांच्या व्रतावर ठरू नये. त्याचे दूध, डाळ आणि फळे समाईक रकान्यात कायम राहावीत.

एक सावधगिरी

काही वेळा व्रताच्या नावाखाली आजार लपलेला असतो. सोडलेल्या पदार्थांची यादी वाढतच जाते. वजन घटते, चक्कर येते, पाळी अनियमित होते किंवा बंद पडते. चारचौघांत जेवायची धास्ती वाटते. एखादा घास जास्त खाल्ला तर दिवसभर अपराधी वाटते. अशा वेळी हा किराण्याचा प्रश्न राहत नाही. जोडीदाराने टोमणे मारू नयेत आणि कौतुकही करू नये. प्रेमाने डॉक्टरांकडे न्यावे. मनावरच्या ताणाविषयी बोलायचे असेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. अशा साधकाला “किती कडक नियम!” असे म्हणून आपण सत्संगातही उत्तेजन देऊ नये. आपली वाहवा त्याला महागात पडू शकते.

शेवटी

ओरत्तनाडुच्या छत्राला मुक्तांबाळ हे नाव सरफोजीराजांच्या प्रिय स्त्रीवरून पडले. परंपरा अशी सांगते की तिने अखेरच्या क्षणी राजांकडे आपल्या नावाने एक छत्र मागितले. दागिना नाही, मंदिरही नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवण. दोन माणसांच्या प्रेमाची आठवण अन्नाच्या रूपाने राहिली, आणि त्या अन्नात प्रत्येकाच्या नियमाला जागा होती.

आपल्या घराची यादी त्यापेक्षा लहान आहे. ती लिहिताना दोघांनी शेजारी बसावे. छत्रातल्या घंटेसारखा एक प्रश्न रोज रात्री एकमेकांना विचारावा, “तुमचे पोटभर झाले ना?”

मननासाठी प्रश्न

• माझ्या आहारात पथ्य कोणते, व्रत कोणते आणि आवड कोणती?

• माझ्या नियमासाठी घरात दुसऱ्या कोणाचा वेळ किंवा पैसा खर्च होतो का? मी त्यांना तो कधी विचारला आहे का?

• गेल्या आठवड्यात मी कोणाच्या ताटाला नावे ठेवली का?

• माझ्या जेवणाने घरातली प्रीती वाढते आहे का?

या आठवड्याचा अभ्यास

पती-पत्नींनी मिळून येत्या महिन्याची यादी तीन रकान्यांत लिहावी. ज्यांचा आहार-नियम वेगळा आहे, त्यांनी सात दिवस आपला वेगळा पदार्थ स्वतः शिजवावा आणि लागलेला वेळ वहीत टिपावा. आठव्या दिवशी ती वही जोडीदारासोबत वाचावी. त्यावर काय बोलणे झाले, ते पुढच्या अभ्यासवर्गात इच्छा असल्यास सांगावे.