तलंगांना खुराड्याची सवय कशी लावावी

परसातील कोंबड्या हे खेड्यातील अनेक घरांत गृहिणीचे स्वतःचे उत्पन्न असते. दोन-तीन महिने जपून वाढविलेली तलंग अंड्यावर येण्यापूर्वीच एखाद्या रात्री नाहीशी झाली, तर तिला घातलेला दाणा, केलेले लसीकरण आणि पुढे मिळावयाची अंडी ही सर्वच वाया जातात. पुष्कळ ठिकाणी असे आढळते की, खुराडे बांधलेले असते, परंतु तलंगा त्यात जात नाहीत. त्या कुंपणावर, बैलगाडीच्या जुवावर किंवा शेवग्याच्या फांदीवर बसून रात्र काढतात आणि रानमांजर, कोल्हा, भटके कुत्रे वा घुबड यांच्या तावडीत सापडतात.

पिले बाहेर का राहतात?

पाळीव कोंबडीचे मूळ तांबड्या रानकोंबड्यात आहे. हा पक्षी रात्री झाडावर बसतो. म्हणून अंधार पडू लागताच उंच जागा शोधणे हा कोंबडीचा उपजत स्वभाव होय. खुडूक कोंबडीखाली वाढलेली पिले आईच्या मागोमाग डालग्याखाली किंवा खुराड्यात जातात. परंतु उबवणी केंद्रातून आणलेल्या पिलांना वाट दाखविणारे कोणी नसते. आणि आईने दूर सारलेली पिलेही काही दिवस अशीच पोरकी होतात.

दुसरे कारण दृष्टीचे आहे. कोंबडीस मंद उजेडात फारच कमी दिसते. संध्याकाळी अंगणात थोडा उजेड आणि खुराड्यात काळोख असला, म्हणजे पिले दाराशी येऊन थबकतात. अशा वेळी काठी घेऊन त्यांच्यामागे धावल्यास ती बिथरतात आणि खुराड्याचीच धास्ती घेतात.

खुराड्याची तयारी

बारा तलंगांसाठी 4 फूट लांब व 4 फूट रुंद खुराडे पुरेसे होते. त्यात प्रत्येकी 4 फूट लांबीच्या दोन दांड्या, एकमेकींपासून एक फूट अंतरावर बसवाव्यात. म्हणजे प्रत्येक पक्ष्यास सुमारे 8 इंच जागा मिळते. दांडी दीड ते दोन इंच जाडीची, साल काढलेली व कडा गोल केलेली असावी. दोन्ही दांड्या सारख्याच उंचीवर ठेवाव्यात. एक उंच व एक बुटकी असल्यास वरच्या जागेसाठी भांडणे होतात. लहान तलंगांकरिता जमिनीपासून एक फूट उंची पुरते.

हवा खेळण्यासाठी भिंतींच्या वरच्या भागात अर्धा इंची जाळी लावावी. शक्य तर एक जाळी पश्चिमेस ठेवावी, म्हणजे मावळतीचा उजेड आत येतो. पावसाळ्यात तिच्यावर झडप बसवावी. खुराडे जमिनीपासून उंच असल्यास दारापाशी आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी तिरपी लावावी.

आठवड्याचा क्रम

साधारणतः सहा ते आठ आठवड्यांच्या, पुरती पिसे आलेल्या पिलांना ही सवय लावावी.

1. पहिले तीन दिवस पिले खुराड्यातच कोंडून ठेवावीत. दाणा व पाणी आतच द्यावे. खुराड्यावर सावली असावी. उन्हाळ्यात याकडे विशेष लक्ष द्यावे.

2. चौथ्या व पाचव्या दिवशी सूर्यास्तापूर्वी एक तास पिले बाहेर सोडावीत. संध्याकाळचा दाणा मात्र बाहेर न टाकता दिवस मावळण्यापूर्वी खुराड्यातच घालावा. त्या वेळी रोज एकच हाक मारावी किंवा एकच डबा वाजवावा.

3. सहाव्या व सातव्या दिवशी दुपारपासून आणि त्यानंतर सकाळपासून सोडावे. संध्याकाळचा दाणा पुढेही नेहमी आतच द्यावा.

4. आत काळोख असल्यास विजेरी किंवा लहान दिवा पाव तास टांगावा. पक्षी स्थिरावले म्हणजे तो काढून घ्यावा. खाली भुसा वा पेंढा असतो, म्हणून उघड्या ज्योतीची चिमणी ठेवू नये.

5. जी तलंग बाहेर राहील, तिचा पाठलाग करू नये. पूर्ण अंधार होऊ द्यावा. मग दोन्ही हातांनी अलगद उचलून तिला आतील दांडीवर बसवावे. काही रात्री असे केल्यास बहुतेक पक्षी आपणहून आत जाऊ लागतात.

6. दार लावण्यापूर्वी पक्षी रोज मोजावेत.

लागलेली सवय मोडल्यास

रोज आत जाणाऱ्या कोंबड्या एकाएकी बाहेर बसू लागल्या, तर दोष त्यांचा न मानता खुराडे तपासावे. कोंबडीचे गोचीड दिवसा भिंतीच्या भेगांत व दांडीच्या सांध्यांत लपतात आणि रात्री रक्त शोषतात. त्यामुळे पक्षी खुराडे टाळतात. सर्व भेगा लिंपून चुन्याचा हात द्यावा आणि औषध पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच वापरावे. सकाळी दार उघडताच डोळे चुरचुरत असतील, तर विष्ठेचा उग्र वायू आत कोंडतो असे समजावे. ओली विष्ठा काढून जाळी मोकळी करावी. पक्षी वाढले असताना जागा तीच राहिली असेल, तर दाटी कमी करावी. घुशीचे बीळ किंवा सापाचा वावर आहे काय, हेही पाहावे.

रात्री सर्व पक्षी एका ठिकाणी आल्याने आणखी एक लाभ होतो. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात राणीखेत रोगाची लस टोचावी लागते. मोकाट पक्ष्यांपैकी काही हाती न लागल्याने लसीवाचून राहतात. खुराड्यातील पक्षी मात्र पहाटे दार उघडण्यापूर्वीच टोचून होतात. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पिलांचे वाटप झाल्यावर पहिल्याच आठवड्यात घरोघरी जाऊन खुराड्याची दांडी, जाळी व दार पाहावे आणि एका संध्याकाळी थांबून, पिले आत कशी घ्यावयाची, हे गृहिणीस प्रत्यक्ष दाखवावे.