काम सोडायचं की फळ? (गीता, अध्याय 18, श्लोक 7 ते 9)



अठरावा अध्याय चालू आहे. आजचे तीन श्लोक त्यागाचे तीन प्रकार सांगतात. आपल्या वाट्याला आलेलं, करायलाच हवं असं काम मोहापायी टाकून दिलं, तर तो तामस त्याग. काम दुःखाचं आहे, शरीराला त्रास होतो, या भीतीने सोडलं तर तो राजस; आणि अशा माणसाला त्यागाचं फळ मिळतच नाही, असं भगवंत स्पष्ट सांगतात. तिसरा सात्त्विक. त्यात काम करत राहायचं, कारण ते करायचं आहे. सोडायची ती त्यातली आसक्ती आणि फळ.

हे श्लोक पूर्वीही वाचले होते. या वेळी मात्र मी त्यांच्यापाशी अडलो, कारण सध्या मी नोकरी सोडण्याचा हिशेब मांडतोय. वय 46. एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. दर महिन्याला 11 आणि 20 तारीख आली की जीएसटीची धावपळ, आणि मार्चमध्ये तर बोलायलाच नको. 50 व्या वर्षी थांबायचं मनात आहे. ऑफिसातली तरुण मुलं याला 'फायर' म्हणतात. आधी आर्थिक स्वातंत्र्य, मग लवकर निवृत्ती. पगार आला नाही तरी घर चालेल एवढी पुंजी जमवायची आणि मग मोकळं व्हायचं.

हिशेब दिसायला सोपा आहे. वर्षाच्या खर्चाच्या 25 पट रक्कम जमवा. घरखर्च महिना 60,000 धरला तर वर्षाचे 7 लाख 20 हजार, म्हणजे 1 कोटी 80 लाख. ही 25 पट आली कुठून? विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने 1994 मध्ये तिथल्या शेअर आणि रोख्यांचा इतिहास तपासून मांडलं, की पहिल्या वर्षी पुंजीतले 4 टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवत नेली, तर पैसे 30 वर्षं पुरतात. पण त्याचा आकडा अमेरिकेचा, आणि मुदत 30 वर्षांची. मी 50 व्या वर्षी थांबलो तर ऐंशीपर्यंत आलो. माझी आजी 93 वर्षांची होऊन गेली! शिवाय महागाई 6 टक्के धरली तर 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो. आजच्या 60,000 चे तेव्हा 1 लाख 20 हजार. म्हणून मी 33 पट धरतो, म्हणजे साधारण 2 कोटी 38 लाख. आरोग्य विमा आणि लेकीचं शिक्षण त्याच्या बाहेर.

असो. आकडेमोड हा माझा धंदाच आहे, त्यात मी रमतो. अडचण आकड्यांत नाहीच.

बायकोने एका वाक्यात नेमकं बोट ठेवलं. म्हणाली, "अहो, पुरे झालंय की कंटाळा आलाय, ते एकदा ठरवा." मी स्वतःला एक प्रश्न विचारून पाहिला. उद्या साहेब बदलले, काम निम्मं झालं, तर मी 50 व्या वर्षी थांबेन का? उत्तर लगेच आलं नाही. जेवढं 'नाही' आलं, तेवढा माझा त्याग राजस.

आणि दुसरी गोष्ट. समजा थांबलो. मग रोज संध्याकाळी मोबाइलवर बघत बसणार, आज बाजार किती पडला, पुंजी किती उरली. म्हणजे काम सोडलं आणि फळ घट्ट धरलं. गीता याच्या बरोबर उलट सांगते. आपल्या संतांकडे बघा. अरणचे सावता माळी मळ्यातच राहिले, गोरोबा मडकी घडवत राहिले. तुकोबांनी तर आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. पैशाच्या बाबतीत मोकळं होण्याची ही केवढी वेगळी रीत! लोकांकडून येणं बाकी होतं, तेच सोडून दिलं. आपल्याला एवढं झेपणार नाही, मला तर नाहीच. पण दिशा कळते.

तरीही पैसे जमवणं मी चुकीचं मानत नाही. घराची काळजी मिटली तर माणूस पगाराकडे डोळा न ठेवता काम करू शकतो. ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे त्याला 'फळ सोड' सांगणं फार सोपं असतं. उलट हप्ता, म्हातारे आईवडील, शिकणारी मुलं, यांचा विचारही न करता एखादा व्हिडिओ बघून चाळिशीत राजीनामा दिला, तर त्याला मी तामसच म्हणेन.

माझ्यापुरतं बोलायचं तर नोकरी म्हणजेच नियत कर्म, असं मला वाटत नाही. आई 74 वर्षांची आहे. तिची औषधं, डॉक्टरांच्या फेऱ्या, रात्रीचं उठणं, हे सगळं आज बायको एकटी बघते. ते काम माझंही आहे, आणि पगाराच्या नावाखाली मी त्यातून सुटतो. मग 50 व्या वर्षी नोकरी सोडणं हा त्याग ठरेल की कामावर रुजू होणं?

एसआयपी चालूच आहे, 33 पटही तशीच ठेवली आहे. फक्त त्याच कागदावर आता दुसरा रकाना आखलाय: थांबल्यावर कोणती कामं करायची. पहिल्या ओळीत आईचं नाव आहे. त्यातलं रात्रीचं उठणं 50 ची वाट न बघता या आठवड्यापासून मी घेतलंय. बाकीच्या ओळी बायकोला विचारून भरणार.

तुमच्यापैकी कोणी असा हिशेब करत असेल तर पुंजीच्या आकड्याशेजारी हा रकाना आखून बघा. माझा भरायला दोन रविवार गेले, अजून अर्धा रिकामा आहे.

उद्या दहावा श्लोक. नावडत्या कामाचा द्वेष न करणाऱ्या माणसाबद्दल आहे. आणि उद्या 20 तारीख.