जमिनीवर चालणारें विमानवाहू जहाज शक्य आहे काय?

गेल्या सत्रांत पदार्थविज्ञानाचा पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें विचारिलें, "गुरुजी, समुद्रांत विमानवाहू जहाज चालतें, तर आपल्या हिंगोलीच्या माळावर तसें कां चालूं नये?" वर्ग हंसला. परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, म्हणून त्याचा विचार येथें करीत आहें.

प्रथम वजन पाहूं. २०२२ सालीं कोची येथें आपल्या आरमारांत दाखल झालेल्या 'विक्रांत' जहाजाची लांबी २६२ मीटर, रुंदी ६२ मीटर व वजन सुमारें ४५,००० टन आहे. समुद्रांत हा भार पाणी तोलतें; आर्किमिडीजचें तत्त्व विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. जमिनीवर तशी सोय नाहीं. जर्मनींतील कोळशाच्या खाणीकरितां बांधलेलें 'बॅगर २९३' हें जमिनीवर चालणाऱ्या अत्यंत अवजड यंत्रांपैकीं एक. त्याचें वजन सुमारें १४,००० टन, आणि चाल माणसाहूनही मंद. विक्रांत त्याच्या तिपटीहून जड!

तरी गणित करून पाहूं. आपल्या काळ्या जमिनीनें कोरड्या दिवसांत दर चौरस मीटरास दहा टन भार सोसला असें धरिलें, तर रणगाड्यास असतात तसे पट्टे ४,५०० चौरस मीटर जागेवर टेकले पाहिजेत. जहाजाची लांबी-रुंदी गुणिली असतां जो आकडा येतो, त्याच्या चौथ्या हिश्शाहून हें थोडेंच अधिक आहे. म्हणजे कागदावर तरी गोष्ट अशक्य नाहीं, आणि हंसणाऱ्यांपेक्षां तो मुलगाच सत्याच्या अधिक जवळ होता.

पण मृगाचा पाऊस पडला कीं हीच जमीन फुगते व तिचा चिखल होतो. जेथें बैलगाडी आंसापर्यंत रुतते, तेथें या राक्षसाची काय कथा? पुढें कयाधूचें पात्र, अकोला-पूर्णा लोहमार्ग, विजेच्या तारा आहेतच. शिवाय ६२ मीटर रुंदीची वाट दहा किलोमीटर गेली, तर दीडशें एकरांहून अधिक रान तिच्याखालीं येतें. त्यांतील हळद व कापूस तर गेलाच. पण दडपून दगडासारख्या झालेल्या त्या रानांत पुन्हां नांगर केव्हां नीट चालावा? हें वर्गांत विचारिलें तेव्हां मात्र कोणी हंसलें नाहीं. बहुतेकांच्या घरीं शेतीच आहे.

आतां लाभ पाहूं. जहाज वाऱ्यास सामोरें होऊन ताशीं पन्नास किलोमीटरपर्यंत धांवूं शकतें. त्याचा वेग व समोरचा वारा मिळून विमानाच्या पंखांस उचल मिळते, म्हणूनच आंखूड पट्टी पुरते. ताशीं एक-दोन किलोमीटर सरकणाऱ्या वाहनास हा लाभ कोठून मिळणार? आणि समुद्रांत धांवपट्टी बांधतां येत नाहीं म्हणून ती बरोबर न्यावी लागते. जमिनीवर ती अडचण नाहीं. २१ मे २०१५ रोजीं यमुना द्रुतगती मार्गावर हवाई दलाचें मिराज विमान उतरलें. साधा रस्ताच धांवपट्टी झाला.

जमिनीवरील जहाज मात्र आपल्या शेजारीं, गोव्यांत, खरोखर आहे. फक्त तें चालत नाहीं. 'हंसा' या नाविक तळावर जहाजासारखी चढती उड्डाणपट्टी व विमान अडविणारे तारदोर बसविले आहेत. जहाजावर तार हुकली तर क्षणांत पुन्हां उड्डाण करावें लागतें, नाहींतर खालीं समुद्र. गोव्यांत पुढें लांब धांवपट्टी असते, म्हणून चुकण्यास जागा असते. येथें १३ सप्टेंबर २०१९ रोजीं आपलें 'तेजस' विमान नाविक रूपांत प्रथम तारेवर थांबलें, आणि ११ जानेवारी २०२० रोजीं तें 'विक्रमादित्य' या खऱ्या जहाजावर उतरलें.