सोडून द्यायला हवी : दुधनीत इंग्रजी शिकवताना

अक्कलकोट तालुक्याच्या कर्नाटकाकडच्या टोकाला दुधनी आहे. सोलापूर–कलबुर्गी रेल्वेमार्गावरचं हे बाजाराचं गाव. कुणाच्या घरात कन्नड, कुणाच्या मराठी, बाजारात दोन्ही आणि जोडीला दख्खनी हिंदी. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, त्यामुळे मुलांकडे शब्द पुष्कळ असतात. गाडी अडते ती क्रियापदापाशी. कॅन, कुड, शुड, माइट, मस्ट ही एक यादी पाठ असते. गिव्ह अप, पुट ऑफ, टर्न ऑफ ही दुसरी. बोलताना मात्र दोन्ही एकदम लागतात. संध्याकाळच्या वर्गात मोठ्या मुलामुलींना बोलण्याचं इंग्रजी शिकवताना जे हाती लागलं, ते मांडते.

१. मुलांची कन्नड वर्गाबाहेर ठेवू नये.

‘ही कॅन्स’, ‘शी मस्ट्स’ असं मुलं का म्हणतात? मराठीत तो जाऊ शकतो, ती जाऊ शकते, ते जाऊ शकतात. क्रियापद माणसागणिक बदलतं. शिवाय इंग्रजीत ‘ही गोज’ आताच शिकवलेलं असतं. पण कन्नडमध्ये नानु होगबेकु, अवळु होगबेकु, अवरु होगबेकु. मी असो, ती असो, ते असोत, ‘बेकु’ जागचं हलत नाही. ‘बहुदु’ही तसंच. इंग्रजीतलं मस्ट आणि मे याच वळणाचे. हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं की कन्नड घरातली मुलं लगेच म्हणतात, “मॅडम, हे तर आमचंच आहे!” त्या दिवशी मराठी घरातली मुलं त्यांच्याकडून शिकतात. सीमेवरच्या गावात दोन भाषा येणं म्हणजे ओझं, असं समजणाऱ्या पालकांना मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

२. मराठी क्रियापद शेवटाकडून वाचावं.

‘तंबाखू सोडून द्यायला हवी.’ यात सोडून, द्यायला, हवी असे तीन तुकडे आहेत. आता उलटे घ्या : हवी, द्यायला, सोडून. इंग्रजी त्याच क्रमाने बोलतं : शुड, गिव्ह, अप. गंमत अशी की ‘सोडून देणे’ यात कुणी कुणाला काही देत नाही आणि ‘गिव्ह अप’मध्येही देणंघेणं काही नाही. कन्नडमध्ये ‘बिट्टुबिडबेकु’. तिथेही आधी कृती, मग आधाराचं क्रियापद, शेवटी ‘बेकु’.

प्रत्येक जोडीला असा तुकड्यास तुकडा मिळत नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. ‘करून टाकणे’ यातल्या ‘टाकणे’चा मूळ अर्थ जसा विरलेला असतो, तसाच अप, ऑफ, आउट यांचाही पुष्कळदा विरतो. म्हणून ‘अप म्हणजे वर’ या कोशातल्या अर्थावर विसंबून चालत नाही. परभाषकांना अशा जोड्या फार जड जातात, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलं होतं. यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झालं ते बरंच नंतर, लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५च्या पुस्तकापासून. अडचण जुनी आहे; आपल्या मुलांचीच बुद्धी कमी पडते असं मुळीच नाही.

३. आदर कुठे ठेवलाय ते आधी दाखवावं.

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा धडा. आपण ‘थांब’ आणि ‘थांबा’ यांत फरक करतो. इकडच्या कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ये आणि ‘बर्री’ म्हणजे या. त्या ‘री’त सगळा मान असतो. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण यांना मिळून एकच ‘यू’. मग मान ठेवायचा कुठे? तो कुड आणि वुडमध्ये. ‘होल्ड ऑन’ हे मित्राला चालतं. ग्राहकाला ‘कुड यू होल्ड ऑन, प्लीज?’ पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला नोकरीला गेलेली आमची मुलं मनाने अतिशय अदबशीर असतात, पण फोनवर त्यांचं ‘होल्ड ऑन’, ‘फिल इन द फॉर्म’ ऐकून समोरच्याला ती उद्धट वाटतात. वाक्याच्या शेवटी ‘री’ लावायची सवय असलेल्या मुलाला एवढंच सांगावं लागतं, की इंग्रजीत ती ‘री’ वाक्याच्या सुरुवातीला येते.

४. खात्री किती, हे बाजारावरून कळतं.

दुधनीत तुरीचा भाव कुणाला सांगावा लागत नाही. ‘दर उतरतील’, ‘दर उतरायला हवेत’, ‘दर उतरू शकतात’ या तीन वाक्यांवर माल आज काढायचा की घरात ठेवायचा हे ठरतं. मग इंग्रजी वाक्यंही तीच घ्यावीत : प्राइसेस विल कम डाउन, शुड कम डाउन, माइट कम डाउन. ‘कम डाउन’ तेच राहिलं, बदलली ती बोलणाऱ्याची खात्री. आडतीवर बसणारा मुलगा हा फरक व्याकरणाच्या तक्त्यापेक्षा लवकर उचलतो, कारण ‘माइट’ ऐकून ‘विल’ समजणाऱ्याचं नुकसान कसं होतं हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. घडून गेलेल्या गोष्टीलाही हेच लागू. ‘दुकानातलं खत संपलं असणार’ म्हणजे ‘दे मस्ट हॅव रन आउट’. ‘संपलं असेल’ म्हणजे ‘दे मे हॅव रन आउट’.

५. एका क्रियापदाला विल, कॅन यांतलं एकच.

‘मी येऊ शकणार नाही’ यात शकणंही आहे आणि पुढचा काळही. इंग्रजीत ‘विल कॅन’ होत नाही. तिथे ‘वोन्ट बी एबल टु’ म्हणायचं. ‘आय कॅन एबल टु’ सोलापुरातच नव्हे, देशभर ऐकू येतं. ‘कॅन टर्न अप’ किंवा ‘विल बी एबल टु टर्न अप’, दोन्हींची खिचडी नको.

६. ‘ते’ मध्ये येतं, आणि जोर शेवटी.

‘टर्न ऑफ द मोटर’ बरोबर, ‘टर्न द मोटर ऑफ’ही बरोबर. पण मोटरच्या जागी ‘इट’ आलं की फक्त ‘टर्न इट ऑफ’. ‘लुक आफ्टर’ मात्र फुटत नाही; आजीला सांभाळायचं तर ‘लुक आफ्टर हर’च. ‘शुड आय टर्न इट ऑफ?’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर हवा आणि ‘शुड’ हलकं.

कॅनचं तर फारच जपावं लागतं. ‘मी तुला घ्यायला स्टेशनवर येऊ शकते’ हे सांगताना ‘आय कन पिक यू अप’ असा कॅन जवळजवळ पुसट होतो. ‘कान्ट’ लांब आणि ठसठशीत येतो. आपण सवयीने कॅनवरच जोर देतो. मग ऐकणाऱ्याला नकार ऐकू येतो आणि रात्रीच्या गाडीने उतरणारा पाहुणा रिक्षा शोधत बसतो.

७. देशी वापराला चूक म्हणू नये, पण ऐकणारा ओळखावा.

‘आय पास्ड आउट’ म्हणजे आपल्याकडे पदवी मिळाली. इंग्लंडमध्ये शुद्ध हरपली. सरकारी कचेरीत फाइल ‘पुट अप’ करतात, म्हणजे साहेबांपुढे ठेवतात. दोन्ही भारतात सर्रास चालतं. ‘कोप अप विथ’ मात्र ‘कोप विथ’ असंच शिकवावं. त्यातलं ‘अप’ कुठलंच काम करत नाही.

इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. दोन वेगळ्या याद्या पाठ करून घेणं थांबवा. मुलांना रोज घरात ऐकलेलं एक वाक्य आणायला सांगा, मराठी किंवा कन्नड, जसं बोललं गेलं तसं. मोटर, तूर, गाडी, आजीचं औषध, काहीही चालेल. आधी त्या वाक्याचं क्रियापद मागून वाचून घ्या आणि मगच इंग्रजी फळ्यावर लिहा.