दूरचित्रवाणी बंद केली तर काय होते?

विद्यार्थी मित्रांनो, आजच्या पाठाची सुरुवात एका छोट्या गणिताने करू या. समजा, तुम्ही रोज दोन तास दूरचित्रवाणी पाहता. वर्षाचे झाले ७३० तास. झोपेचे नऊ तास वगळले तर आपल्या हाती दिवसाचे पंधरा तास उरतात. म्हणजे वर्षातले जवळजवळ ४९ दिवस, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, तुम्ही फक्त पडद्यासमोर बसून होता! वयाच्या सहाव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत हा क्रम चालला, तर जागेपणीचे सुमारे ४८७ दिवस, म्हणजे सव्वा वर्षाहून अधिक काळ त्यात गेला.

कोणी म्हणेल, "आमच्या घरी आता टीव्ही फारसा कोणी पाहत नाही. आम्ही मोबाइलवर पाहतो." ठीक आहे. गणितात टीव्हीच्या जागी मोबाइल लिहा. पडदा लहान झाला म्हणून तास लहान होत नाही.

आता प्रश्न असा, की हे तास वाचवले तर खरोखर काही फायदा होतो का? "टीव्ही बंद कर आणि अभ्यासाला बस," हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकले असेल. पण मोठ्यांनी सांगितले म्हणून एखादी गोष्ट विज्ञानात सिद्ध होत नाही. तिला पुरावा लागतो. तो मिळवणे वाटते तितके सोपे नाही.

तुलना करण्यातली अडचण

तुम्ही म्हणाल, "त्यात काय अवघड? टीव्ही पुष्कळ पाहणारी पन्नास मुले घ्यावीत, न पाहणारी पन्नास घ्यावीत आणि त्यांचे गुण ताडून पाहावेत." पण जरा विचार करा. ज्या घरात टीव्ही लावत नाहीत, त्या घरात कदाचित पुस्तके अधिक असतील. आईवडील मुलांशी अधिक बोलत असतील. मग त्या मुलांचे गुण चांगले आले, तर त्याचे श्रेय कोणाला द्यायचे? टीव्ही नसण्याला, की पुस्तके असण्याला? दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे त्यांतली एक दुसरीचे कारण असते, असे नाही.

यावर उपाय एकच. एरवी सारखीच असणारी, पण फक्त दूरचित्रवाणीच्या बाबतीत वेगळी असणारी माणसे शोधायला हवीत. अशी संधी कॅनडातील काही शास्त्रज्ञांना १९७३ साली अचानक चालून आली.

टीव्ही नसलेले गाव

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एक लहानसे गाव होते. ते दरीत वसलेले असल्यामुळे प्रक्षेपणाच्या लहरी तेथे नीट पोहोचत नसत. बाकी सर्व सोयी असूनही गावात टीव्ही काही दिसत नसे. १९७३ च्या सुमारास तेथे प्रक्षेपणाची सोय होणार, असे ठरले. ही बातमी कळताच ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टॅनिस मॅकबेथ विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाईने तयारी केली. टीव्ही येण्यापूर्वीच गावातील मुलांची व मोठ्यांची पाहणी त्यांनी उरकून घेतली.

गावाचे खरे नाव त्यांनी गुप्त ठेवले आणि त्याला 'नोटेल' असे टोपणनाव दिले. तुलनेसाठी आकाराने व राहणीने तशीच आणखी दोन गावे निवडली. पहिल्यात एकच वाहिनी दिसत असे. त्याचे नाव 'युनिटेल'. दुसऱ्यात अनेक वाहिन्या दिसत. त्याचे नाव 'मल्टिटेल'. दोन वर्षांनी, १९७५ साली, नोटेलमध्ये टीव्ही रुळल्यावर तिन्ही गावांत पुन्हा त्याच चाचण्या घेतल्या. या अभ्यासाचे पुस्तक १९८६ साली प्रसिद्ध झाले.

येथे शास्त्रज्ञांनी काही बदल घडवून आणला नव्हता. तो आपोआप घडत होता. त्यांनी फक्त आधी आणि नंतर मोजमाप केले. अशा अभ्यासाला 'नैसर्गिक प्रयोग' म्हणतात. इतर दोन गावे कशासाठी, हेही लक्षात घ्या. केवळ नोटेलचीच पाहणी केली असती, तर दोन वर्षांत झालेला बदल टीव्हीमुळे झाला की त्या काळात सगळीकडेच तसे होत होते, हे कळलेच नसते.

काय आढळून आले?

पहिली गोष्ट वाचनाची. टीव्ही येण्यापूर्वी नोटेलमधील दुसरी-तिसरीची मुले इतर गावांतील मुलांपेक्षा अधिक सफाईने वाचत होती. टीव्ही येऊन दोन वर्षे झाल्यावर त्या वर्गांत आलेली नवी मुले मागे पडलेली दिसली.

दुसरी गोष्ट कल्पकतेची. या चाचणीत एखादी नेहमीची वस्तू सांगून तिचे जितके सुचतील तितके उपयोग विचारतात. समजा, तुम्हाला नारळाची करवंटी दिली. ओगराळे, दिवा, कुंडी, भातुकलीतले भांडे असे किती उपयोग तुम्ही सांगाल? टीव्ही येण्यापूर्वी चौथी व सातवीतील नोटेलची मुले या चाचणीत दोन्ही गावांच्या पुढे होती. दोन वर्षांनी ही आघाडी नाहीशी झाली.

तिसरी गोष्ट खेळाच्या मैदानावरची. निरीक्षकांनी लहान वर्गांतील मुलांचे सुटीतले खेळ पाहून मारामारी आणि शिवीगाळ किती होते याची नोंद ठेवली. दोन वर्षांत नोटेलमध्ये दोन्ही वाढल्या. मुलांमध्ये वाढल्या तशा मुलींमध्येही वाढल्या. मूळच्या भांडखोर मुलांत वाढल्या तशा शांत मुलांतही वाढल्या. इतर दोन गावांत असा बदल दिसला नाही.

चौथी गोष्ट अशी, की गावातील कार्यक्रमांना आणि खेळांना येणाऱ्यांची संख्या नोटेलमध्ये रोडावली.

पण शास्त्रज्ञाने सोयीचे तेवढेच सांगायचे नसते. मुलांच्या शब्दसंग्रहाच्या चाचणीत टीव्हीमुळे विशेष फरक पडल्याचे दिसले नाही. म्हणजे टीव्ही हे काही विष नव्हे. आपल्या देशातही १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षण, शेती व आरोग्याचे कार्यक्रम दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला होता. यंत्र तेच, त्यावर काय पाहतो आणि किती वेळ पाहतो, यावर सारे अवलंबून असते.

असे का होते?

वाचनाचेच उदाहरण घेऊ. तुम्ही पहिलीत होता ते दिवस आठवा. 'क' ला काना 'का', असे एकेक अक्षर लावत वाचावे लागत होते. जोडाक्षर आले की गाडी अडत होती. सगळी शक्ती अक्षरे ओळखण्यातच खर्च होई, मग अर्थाकडे लक्ष कसे जाणार? पुष्कळ सराव झाल्यावर अक्षरओळख आपोआप होऊ लागते आणि मन अर्थासाठी मोकळे होते. या मधल्या टप्प्यावर वाचन कष्टाचे असते, गोडी मात्र पुढे लागायची असते. नेमक्या याच वेळी शेजारी बिनकष्टाची करमणूक उभी राहिली, तर मूल कोणती निवडील? ज्याला वाचन अवघड जाते, तेच मूल आधी पुस्तक मिटते. सराव कमी म्हणून वाचन अवघड, आणि अवघड म्हणून सराव आणखी कमी, असे हे दुष्टचक्र आहे.

म्हणजे टीव्ही मुलाकडून वाचन हिसकावून घेत नाही. तो फक्त त्याची वेळ व्यापतो. भांडे एकच आहे. त्यात एक वस्तू भरली की दुसरीला जागा उरत नाही. कल्पकतेचेही तसेच. "आता काय करू?" असा कंटाळा आला की आपण काहीतरी शोधून काढतो. करवंटीची तराजू होते, काडेपेट्यांची आगगाडी होते. कंटाळा येण्यापूर्वीच कळ दाबली, तर शोधण्याची गरजच पडत नाही.

मग बंद केल्यावर?

नोटेलमध्ये टीव्ही आल्यावर काय झाले हे दिसले. उलट बाजू तपासणारा एक प्रयोग अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन होजे शहरात झाला. तेथील दोन प्राथमिक शाळांपैकी एक शाळा चिठ्ठी टाकावी तशी, कोणतीही आवडनिवड न करता निवडली. दोन्ही शाळा मिळून तिसरी-चौथीची १९२ मुले होती. निवडलेल्या शाळेत सहा महिन्यांत १८ पाठ घेतले गेले. मुलांनी प्रथम आपण किती वेळ पाहतो याची नोंद केली. नंतर दहा दिवस टीव्ही, व्हिडिओ आणि व्हिडिओ खेळ पूर्ण बंद! त्यापुढे आठवड्याला सात तासांचे 'अंदाजपत्रक' सांभाळायचे. दुसऱ्या शाळेत नेहमीचाच क्रम राहिला.

निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. वाढत्या वयात वजन वाढतेच. पण पाहणे कमी केलेल्या मुलांत उंचीच्या मानाने होणारी वजनवाढ दुसऱ्या शाळेपेक्षा कमी होती. कमरेचा घेरही कमी वाढला होता. गंमत म्हणजे या मुलांचे धावणे-खेळणे फार वाढल्याचे मोजमापात दिसले नाही. मात्र टीव्हीसमोर बसून घेतलेली जेवणे कमी झाली होती. लक्ष पडद्याकडे असले की पोट भरल्याची जाणीव उशिरा होते, हे तुम्ही स्वतःवरूनही ताडून पाहू शकता. याच प्रयोगातून २००१ साली प्रसिद्ध झालेली आणखी एक गोष्ट अशी, की ज्या शाळेत पाहणे कमी झाले, तेथील मुले त्यांच्याच वर्गसोबत्यांना कमी भांडखोर वाटू लागली.

नोटेलमध्ये टीव्ही आला तेव्हा भांडणे वाढली. येथे टीव्ही कमी झाला तेव्हा ती घटली. दोन वेगवेगळ्या वाटांनी आपण एकाच ठिकाणी येऊन पोहोचतो, तेव्हा निष्कर्षावरचा विश्वास वाढतो.

एकट्याने की सर्वांनी मिळून?

घरात सगळे मालिका पाहत असताना एकट्यानेच पाठ फिरवून बसणे कठीण असते. पंगत बसलेली असताना एकट्याने उपास करण्यासारखेच ते! म्हणून हा नियम सर्वांनी मिळून पाळणे सोपे जाते. आइसलँड या देशात १९६६ साली दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हापासून १९८७ पर्यंत दर गुरुवारी सरकारी प्रक्षेपण बंद असे. ती संध्याकाळ लोक एकमेकांकडे जाण्यासाठी मोकळी ठेवत.

आपल्याकडचेही एक उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक ठराव केला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करावा, वाचावे, घरच्यांशी बोलावे. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली आणि मुलांना पडद्याची सवय जडली, त्यावर गावाने काढलेला हा तोडगा होता. मुलांनी बंद करायचे आणि मोठ्यांनी मात्र पाहायचे, असे त्यात नव्हते. यातच त्याचे मर्म आहे.

करून पाहा

आता तुमची पाळी. साहित्य: एक वही, पेन्सिल आणि घड्याळ.

१. पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त नोंद ठेवा. रोज किती मिनिटे पडदा पाहिला, किती वेळ खेळलात, किती पाने वाचलीत, किती वाजता झोपलात, हे रात्री लिहा. अंदाजाने नको, घड्याळ पाहून लिहा.

२. दुसरा आठवडा करमणुकीसाठी पडदा पूर्ण बंद. शाळेच्या कामासाठी मोबाइल लागलाच, तर तो वेळ वेगळा लिहा. पहिले दोन-तीन दिवस चुकल्यासारखे वाटेल. तेही लिहा, तीसुद्धा एक नोंदच आहे.

३. तिसऱ्या आठवड्यात पूर्वीसारखे वागण्याची मोकळीक घ्या आणि नोंद चालू ठेवा.

तिन्ही आठवड्यांचे आलेख एकाच कागदावर काढा. वाचलेला वेळ कोणत्या रकान्यात गेला, ते पाहा. तो खेळात किंवा वाचनात गेला, की नुसते लोळण्यात? एका आठवड्यात वाचनाचा वेग वाढणार नाही, त्याला अनेक महिने लागतात. पण वेळ कोठे गेला हे मात्र सात दिवसांत स्पष्ट होते.

शिक्षकांसाठी: हा प्रयोग वर्गात करायचा असल्यास चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत. एका गटाने दुसऱ्या आठवड्यात पडदा बंद ठेवावा, दुसऱ्याने तिसऱ्या आठवड्यात. उत्साही मुले आपण होऊन एका गटात गेली तर तुलना का बिघडते, यावर वर्गात चर्चा घ्यावी. कोणाची वही सर्वांसमोर वाचून दाखवू नये, नाहीतर पुढच्या नोंदी खऱ्या राहणार नाहीत.

मित्रांनो, तुमचा निष्कर्ष या लेखाशी जुळलाच पाहिजे असे नाही. जुळला नाही तर का जुळला नाही, याचा शोध घ्या. पण एक काळजी घ्या. दूरचित्रवाणी बंद केल्याचा फायदा कळ दाबल्याबरोबर मिळत नाही. कळ दाबल्यावर हाती आलेल्या तासात आपण जे करतो, त्यातून तो मिळतो. म्हणून बंद करण्यापूर्वीच ठरवून ठेवा: त्या तासात तुम्ही काय करणार आहात?